पाचवं नख

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत ती घटनाच भिंतीवर टांगलेली आहे, बिनकाचेच्या चौकटीत. येणारा-जाणारा विचारतो, "हा कसला साप हो, पायवाला?" मी म्हणतो, "साप नाही, शेरा आहे. नोकरीतला शेवटचा." मग चहा येईपर्यंत पुढची हकीकत सांगतो. इथे ती जरा सविस्तर सांगतो. नावं कोणाचीच घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून कामाधंद्यात आहेत.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. यवतमाळ जिल्ह्यात, महागावच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले. शेताच्या धुऱ्यावरची भांडणं, मोटारपंपाची चोरी, बाजाराच्या दिवशी कापलेले खिसे, लग्नाच्या वरातीतली मारामारी. चीनच्या बादशहाचा माझ्या हद्दीशी संबंध येईल असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्याला आधी दारूच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवलं असतं.

एके सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो. नागपूरहून गाडी करून एक गृहस्थ आले. बायकांच्या महागड्या बॅगा विकणाऱ्या एका बड्या कंपनीचे ते प्रतिनिधी. त्यांच्याकडे वरिष्ठ कार्यालयाचं पत्र होतं. टेबलावर त्यांनी दोन बॅगा ठेवल्या. एक ठेवताना हातात पांढरे मोजे घातले, दुसरी नुसतीच ठेवली. मोजे घालून ठेवलेल्या बॅगेच्या किमतीत आमच्या हवालदाराची मोटारसायकल आली असती, आणि वर्षभराचं पेट्रोलही.

दोन्ही बॅगांवर काळ्या रेशमावर सोनेरी धाग्याने भरलेला एकच ड्रॅगन होता. डोळ्याच्या जागी गोल आरशाचा तुकडा. अंग ढगात लपलेलं, फक्त पुढचा एक पंजा उचललेला.

"नखं मोजा," ते म्हणाले.

मी मोजली. मोज्यांतल्या बॅगेला पाच, दुसरीला चार.

"चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा. बाकीच्यांना चार, त्याखाली तीन. आमच्या बॅगेवर पाचच असतात. नक्कल करणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तिथेच तो सापडतो."

चार नखांची बॅग एका मुलीने मोबाइलवर फोटो टाकून विकली होती. तिचा नंबर माझ्या हद्दीतल्या एका तांड्यातला निघाला. मी फिर्याद लिहून घेतली. कॉपीराइट कायदा आणि फसवणूक, अशी दोन्ही कलमं लावून गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर खबर आली. पुरुषाचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. म्हणाला, "तांड्यात देवळापासून तिसरं घर. हिरवी लोखंडी पेटी हाये. वरतं गोधडी, खाली माल." फोन बंद.

खबर पक्की मिळाली की पोलिसाला आनंद होतो, आणि आनंदात पोलीस विचार करत नाही. ज्याला पेटीचा रंग माहीत असतो, त्याने ती पेटी पाहिलेली असते, आणि बहुतेक वेळा त्या घरचा चहाही घेतलेला असतो. हे मी कितीतरी नव्या फौजदारांना शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र मी दोन पंच, एक महिला शिपाई आणि चार माणसं जीपमध्ये घालून निघालो.

तांडा टेकाडाच्या उतारावर. पांढऱ्या झेंड्याचं देऊळ, सिमेंटची आणि टिनाची घरं. तिसऱ्या घराच्या ओसरीवर आठ-दहा बाया मांडीवर कापड घेऊन भरत होत्या. मी बुटांसकट सरळ आत गेलो. हिरवी पेटी समोरच होती. गोधडी बाजूला केली आणि खाली एकतीस बॅगा निघाल्या. सगळ्यांचा ड्रॅगन चार नखांचा.

त्या घरची बाई पन्नाशीची असेल. अख्खा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. अकरा बायांचा भरतकामाचा गट तीच चालवायची. ती दाराशी उभी राहून माझे बूट बघत होती. म्हणाली, "सायब, इचारलं असतं त मीच काढून देल्या असत्या."

मी पंचनामा सांगण्यात गुंतलो होतो. तिचं बोलणं कानावर पडलं आणि तिथेच राहिलं.

याडी आरोपी क्रमांक एक. तिची मुलगी क्रमांक दोन, कारण मोबाइल तिचा होता. वय बावीस-तेवीस, काटक, ताठ उभी राहणारी पोरगी. तिने वाद घातला नाही. जप्तीच्या कागदावर सही करून झाल्यावर एवढंच विचारलं, "साहेब, माझी पडताळणी तुमच्याच ठाण्यात आली आहे. तिचं आता काय होईल?"

मग मला आठवलं. पोलीस भरतीत निवड झालेल्या एका मुलीचा चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडला होता. जिल्ह्याच्या मैदानावर आठशे मीटर धावून, गोळा फेकून, लेखी पास होऊन ती यादीत आली होती. आठ दिवसांत माझा अहवाल जायचा होता. त्यात 'गुन्हा दाखल आहे' ही एक ओळ गेली असती, तर तिची नोकरी तिथेच संपली असती.

मी म्हणालो, "कायदा आपल्या वाटेनं जाईल." हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वापरलं आहे. म्हणणाऱ्याला त्याचा काहीच त्रास होत नाही.

ठाण्यात परतल्यावर मुद्देमाल सीलबंद करायला घेतला. प्रत्येक वस्तूला लेबल, लेबलावर पंचांच्या सह्या, वर कापड, कापडावर लाख. हे काम बरेच अधिकारी कारकुनावर टाकतात. मी टाकत नसे. सील होण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा हातात घ्यायची आणि तिच्याबरोबरचा प्रत्येक कागद वाचायचा, ही माझी सवय. माझ्या माघारी लोक मला 'वाचनालय' म्हणत, हे मला ठाऊक होतं.

कंपनीच्या बॅगेबरोबर गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं की ही कला चीनच्या राजवाड्यातल्या कारखान्यांतून आली आणि पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या हातांनी ही बॅग भरली आहे. हात कुणाचे, कुठले, याबद्दल अक्षर नव्हतं. शेवटच्या पानावर एक छोटी माहिती होती. बादशहा कधी एखाद्या खालच्या माणसावर खूश झाला, तर त्याला आपल्यासारखा पाच नखांच्या ड्रॅगनचा झगा बक्षीस द्यायचा. पण देण्याआधी त्यातलं एक नख धागा-धागा ओढून उसवलं जायचं. मान मिळायचा, पण बादशहाची बरोबरी नाही.

आमच्या खात्यात बाहीवरची फीत काढतात, तसाच प्रकार. मला गंमत वाटली. पुस्तिका ठेवली आणि हातातल्या जप्त बॅगेवरच्या चार नखांवरून सहज अंगठा फिरवला. चौथ्या नखाच्या पलीकडे कापड खरखरीत लागलं. दिव्याखाली धरलं तर बारीक भोकं दिसली, नखाच्या आकाराची.

मुद्देमाल कारकून आमचा जुना हवालदार. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "सायब, इथं टाका होता. ओढून काढला. रेशमाले एकदा भोक पडलं का ते बुजत नाही."

आम्ही दोघांनी एकतीसच्या एकतीस बॅगा तपासल्या. सगळ्यांना त्याच जागी तीच भोकं.

आता माझी खुर्ची मला टोचायला लागली. नक्कल करणारा अज्ञानाने चारच नखं काढेल, हे बरोबर. पण आधी पाच भरून मग एक उसवत बसायचा उद्योग तो कशाला करेल? म्हणजे या बॅगा नकली नव्हत्या. हा कंपनीचाच माल होता, आणि कोणीतरी विधिवत त्याचा दर्जा उतरवला होता. पुस्तिकेतली ती गोष्ट तांड्यापर्यंत कोणीतरी पोचवली होती.

माझा एक वर्गमित्र यवतमाळला कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाला आहे. त्याला फोन लावला. चीनचं नाव काढताच तो म्हणाला, "काय बे, चोर संपले का तुह्या हद्दीतले?" मी नखाचं विचारलं. ते खरंच आहे, म्हणाला, आणि मग नेहमीप्रमाणे थांबेना.

"नखाचं सोड. तिथं बादशहाच्या भट्ट्या होत्या, भांड्यांच्या. एखाद्या भांड्यात जरा दोष निघाला का फोडून खड्ड्यात पुरत. बादशहाच्या घाटाचं भांडं बाजारात आलं, तर बादशहाचं काय राह्यलं?"

"आणि आजच्या या बॅगावाल्या कंपन्या?"

"त्यातल्या काही जाळतात. उरलासुरला माल स्वस्तात गेला तर नाव उतरते म्हणून. बादशहा गेले, रीत राह्यली." मग तो हसला. "पण ऐक. त्याच खड्ड्यांतले तुकडे जोडून आता लोक इतिहास लिहून राह्यले. फोडलं, पुरलं, तरी मागं काही ना काही राह्यतेच."

मास्तरांचं बोलणं आपण वर्गात ऐकत नाही. ते कामाला येतं चाळीस वर्षांनी.

बाईमाणसाचा जबाब घ्यायला तिच्या घरी जावं लागतं. दुसऱ्या दिवशी मी फक्त महिला शिपायाला घेऊन तांड्यात गेलो. ती स्वतः त्याच बंजारा समाजाची, गोरबोली बोलणारी. या वेळी मी अंगणात उभा राहिलो. याडीने मला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "आव, बेस." बसा म्हणतेय एवढं मला कळलं. बूट काढून ओसरीवर बसलो.

तिने जबाब दिला तो असा. दोन वर्षांपासून एक सुपरवायझर काम आणून द्यायचा. कंपनीचा स्थानिक ठेका त्याच्याकडे होता. कापलेलं रेशीम, त्यावर छापलेली रेघ, सोबत धागा. बाया भरायच्या, तो घेऊन जायचा आणि शहरात त्याच्या बॅगा व्हायच्या. बायांनी तयार बॅग कधी पाहिली नव्हती. ड्रॅगनला त्या पायवाला साप म्हणायच्या.

"मंग नापास माल निंगाले लागला," ती म्हणाली. "एखांदा टाका तिरपा, एखांद्या धाग्याचा रंग हलका. आमाले दिसत नाही, त्यायले दिसते. एक दिवस तो घासलेट घेऊन आला. म्हने, कंपनीचा हुकूम हाये, नापास माल जाळा लागते. मी म्हनलं, जाळतं काहून? आमच्या घरी हातानं भरलेलं कापड लेकीसंगं सासरी जाते, नाही त मेलेल्यासंगं मातीत जाते. चुलीत जात नाही."

"मग?"

"हासला. म्हने, मंग एक नख उसवा. नख काढलं का राजाचा माल राह्यत नाही, घेऊन जा घरी. आमी अकरा जनी दिवसभर उसवत बसलो." तिने बोटाची टोकं अंगठ्यावर घासली. "भराले येवढं दुखत नाही सायब, जेवढं उसवाले दुखते."

त्याच तुकड्यांच्या बायांनी घरच्या मशीनवर पिशव्या शिवल्या आणि मुलीने फोटो टाकला. फोटोखाली तिने काय लिहिलं होतं, तेही याडीने सांगितलं: 'आमच्या तांड्यातल्या बायांनी भरलेली पिशवी.' कंपनीचं नाव नाही, चीनचं नाव नाही. मी माझ्या बॅगेतून केसची फाइल काढली. फोटोची प्रत त्यात पहिल्या दिवसापासून होती आणि ती ओळही होती, बारीक अक्षरात. कंपनीची पुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. या पोरीची एक ओळ वाचली नव्हती. वाचनालय म्हणवून घेणाऱ्याला हे शोभत नव्हतं, आणि तेव्हा त्या ओसरीवर मला चांगलीच लाज वाटली.

"त्यानंतर नापास झालेला माल?" मी विचारलं.

"तो त्यानं आमाले देल्ला नाही. आता कंपनी मानत नाही म्हने. रस्त्यावरच्या त्या बंद कापसाच्या जिनिंगच्या आवारात जाळला म्हने. आमी नव्हतो, त्या दिवशी सुट्टी देल्ली होती."

मला मित्राचे खड्डे आठवले. विचारलं, "भरलेलं कापड जाळलं तर मागे काय राहते?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "राख. अन् काच. काच कुठं जळते?"

प्रत्येक ड्रॅगनचा डोळा आरशाचा होता.

दुपारी दोन पंच घेऊन आम्ही त्या जिनिंगच्या आवारात गेलो. भिंतीच्या कोपऱ्यात काळा खड्डा होता, पत्र्याने झाकलेला, त्यामुळे राख जागच्या जागी होती. शेजारच्या घरून गहू चाळायची चाळणी मागून आणली. शिपायांनी सगळी राख चाळली. दोन खिळे निघाले आणि बाटलीचं एक झाकण. आरशाचा तुकडा एकही नाही, तडकलेला नाही की काळवंडलेला नाही. तिथे चिंध्या जळल्या होत्या, भरतकाम नव्हे. दोन पंचांतला एक चहावाला होता. तो सही करताना म्हणाला, "सायब, जिंदगीत पयल्यांदा राखेचा पंचनामा पाह्यला."

सुपरवायझरला मी साक्षीदार म्हणून बोलावलं. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. आरोपी म्हणून बोलावलेला माणूस तोंड मिटतो. साक्षीदार म्हणून बोलावलेला मदत करायला उत्सुक असतो, आणि खोट्याला सगळ्यात जास्त धोका या उत्सुकतेचाच. मी चहा मागवला. सुरुवातीलाच विचारलं, "तांड्यात घरोघरी जाणं होतं का?"

"नाही सायब. देवळापाशी माल देतो, देवळापाशी घेतो. कोणाच्या घरात पाय टाकत नाही."

हे मी त्याच्यासमोर लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो मान हलवून हो म्हणाला. मग माल जाळल्याची हकीकत विचारली. त्याने वारा कोणत्या बाजूचा होता इथपासून सांगितलं. कंपनीला पाठवलेला व्हिडिओही आपणहून दाखवला. धूर भरपूर होता, माल दिसत नव्हता. खरं सांगणारा माणूस मधेमधे विसरतो. हा काहीच विसरत नव्हता.

"काय काय जळलं?"

"समदं, सायब. कापड, धागा, समद्याची राख झाली."

"आरसे?"

"ते बी."

मी टेबलाखालून चाळणी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. राखेने ती काळी पडली होती. काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं हे प्रश्न विचारण्यापेक्षा अवघड काम आहे आणि ते मी फार उशिरा शिकलो. त्याने चाळणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपातला संपलेला चहा पुन्हा प्यायला.

"इतक्या सापांचे डोळे कुठं गेले?" मी विचारलं.

त्याने चाळणी बोटाने थोडी बाजूला सरकवली.

"बरं, ते राहू द्या. कोणाच्या घरात पाय टाकत नाही म्हणता. मग पेटी हिरवी आहे आणि वर गोधडी आहे, हे ठाण्याच्या फोनवर कसं सांगितलंत?"

मला तो आवाज पक्का ओळखता आला होता असं नाही. अंदाज होता आणि तो मी ठामपणे टाकला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही कपाळाकडे गेली. "सायब," तो म्हणाला, "घरी सांगू नका."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. काढून दिलेला माल चालतो. म्हणून मी त्याचं रडणं ऐकण्यात वेळ घालवला नाही, लगेच पंच बोलावले. पुसद रस्त्यावरच्या एका दुकानाच्या माळ्यावरून त्याने माल काढून दिला. पाच नखांचे ड्रॅगन, आरशाच्या डोळ्यांसकट, तयार बॅगांवर. वर कंपनीच्या पट्ट्या लावलेल्या. जाळायचा माल खरा म्हणून तो शहरातल्या एका व्यापाऱ्याला देत होता. आपल्या हिशेबाच्या वह्यांत नसलेल्या बॅगा बाजारात दिसू लागल्या तेव्हा कंपनी शोध घ्यायला लागली. याला चोर दाखवणं भाग पडलं. एक नख उसवायला त्यानेच सांगितलं होतं आणि उरलेली चार नखं त्याने त्या बायांवर उलटवली.

सहाव्या दिवशी कंपनीचे प्रतिनिधी पुन्हा आले. या वेळी मोजे नव्हते. त्यांना प्रकरण गुपचूप मिटवून हवं होतं. माल परत द्या, सुपरवायझरचं आम्ही बघून घेऊ, फक्त बॅगा कुठे भरल्या जातात हे कागदावर येऊ देऊ नका.

"तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं का, की तुमच्या बॅगा याच तांड्यात भरतात?"

"उत्पादन माझ्याकडे नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "साहेब, ग्राहक नुसती बॅग घेत नाही, गोष्ट घेतो. राजवाड्याची गोष्ट. त्या गोष्टीत तांडा बसत नाही."

"तुमच्या गोष्टीत बसत नसेल. माझ्या जबाबात बसतो."

मी त्यांचा पुरवणी जबाब घेतला. बॅगांचं भरतकाम सदर तांड्यातल्या अकरा महिलांनी केलं, नापास तुकडे त्यांना ठेकेदाराने दिले, त्यांच्याविरुद्ध कंपनीची तक्रार नाही. दोन पानं झाली. सही करताना त्यांनी एसीकडे दोनदा पाहिलं. आमचा एसी बंदच असायचा. त्या बॅगेशेजारी त्या तांड्याचं नाव एखाद्या कागदावर आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तो कागद पोलिसांचा निघाला.

याडीचं आणि मुलीचं नाव गुन्ह्यातून वगळण्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. सुपरवायझरवर विश्वासघाताचं कलम लागलं. एकतीस पिशव्या कोर्टाच्या हुकमाने तांड्यात परत गेल्या.

आता राहिला पडताळणीचा कागद. मुदतीचा आठवा दिवस. हा मजकूर मी कारकुनाला दिला नाही, स्वतः लिहिला. उमेदवाराचं नाव एका गुन्ह्यात आलं होतं, हे लपवलं नाही, कारण लपवलेलं पुढे तिच्याच अंगावर आलं असतं. तपासात तिचा काहीही संबंध आढळला नाही आणि नाव वगळलं आहे, असं लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: 'उमेदवाराचे नाव येण्यास ठाण्याची घाई कारणीभूत झाली.'

वरिष्ठांचा फोन आला. "शेवटची ओळ लिहायची गरज होती का?"

"होती, सर."

ते म्हणाले, "ठीक आहे." मुलगी भरती झाली.

माझ्या निरोप समारंभाला ठाण्याच्या आवारात मंडप होता. शाल, श्रीफळ, माझ्या कडक शिस्तीबद्दलची भाषणं. भाषणं संपत आली तेव्हा एक टेम्पो थांबला आणि तांड्यातल्या बाया उतरल्या. सोबत याडीची मुलगी, प्रशिक्षण पुरं करून वर्दीत. माझ्यासमोर येऊन तिने कडक सलाम ठोकला. मी आयुष्यात घेतलेले सलाम मोजले नाहीत, तो एक लक्षात आहे.

याडीने घडी केलेलं कापड माझ्या हातात दिलं. उघडलं तर ड्रॅगन. भोवती त्यांच्या पद्धतीची कवड्यांची किनार, डोळ्याला आरसा. मी सगळ्यांदेखत नखं मोजली. चार. मला वाटलं, ठाणेदाराला चार म्हणजे बराच मान झाला. हसत म्हणालो, "बरोबर आहे. बादशहा काही मी नाही."

"पाच भरले होते," याडी म्हणाली.

माझा अंगठा आपोआप त्या जागी गेला. बारीक भोकं लागली.

"मग एक काढलं काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"पयल्या दिवशी तुमी जोड्यासगट घरात शिरले होते. इचारलं नव्हतं."

ती रागाने बोलली नाही. भाजीत मीठ किती पडलं ते सांगावं, तसं सांगितलं. हवालदार माझ्या तोंडाकडे बघत होता, साहेब आता काय करतात म्हणून. वर्दीतल्या पोरीने मान खाली घातली. मी कापडाची घडी घातली आणि खांद्यावरच्या शालीवर ठेवली.

तीसपेक्षा जास्त वर्षं मी दुसऱ्यांच्या सेवापुस्तकात शेरे लिहिले. बक्षिसाचे लिहिले, शिक्षेचे लिहिले. एकाच कागदावर दोन्ही, इतकं मोजून-मापून, मला कधी लिहिता आले नाहीत. त्या केसमध्ये मी चूक शोधली, खरा गुन्हेगार पकडला, एका पोरीची नोकरी वाचवली, आणि याचा मला अभिमान आहे. तो सांगायला मी लाजत नाही. पण ती नोकरी धोक्यात घातली कोणी, हेही त्याच हिशेबात धरायला हवं, आणि ते याडीने धरलं.

आता घरी कोणी त्या चौकटीपाशी उभं राहिलं, की मी त्याचं बोट धरून चौथ्या नखाच्या पलीकडे टेकवतो. भोकं लागतात. हे काय, असं तो विचारतो. मी सांगतो, "इथं एक दार होतं. ते मी ठोठावलं नव्हतं."